हंगाम अर्धा झाला

सातारा-सांगलीकडं ‘हंगाम’ हा शब्द नुसता उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं ऊस उभा राहतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते, चिमणी धूर सोडू लागते, ट्रॅक्टरच्या मागं उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रस्ताभर डुलू लागतात. हंगाम सुरू झाला. होळीच्या मागंपुढं तो आटोपतो. आता योगायोग असा, की रणजी करंडकाचा हंगामही नेमका याच सुमाराला सुरू होतो नि याच सुमाराला संपतो. त्यामुळं घरात तीन एकर ऊस आणि डोक्यात क्रिकेट असलेल्या आमच्यासारख्या माणसाची पंचाईत होते. चौकात कुणी विचारलं, “काय, यंदाचा हंगाम कसा काय?” तर आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ठरवावं लागतं, की हा शेतातला हंगाम विचारतोय की मैदानातला. कारण उत्तरं निराळी आहेत. उसाचं असेल तर “बरा आहे” म्हणायचं. महाराष्ट्राच्या संघाचं असेल तर “अजून अर्धा बाकी आहे” म्हणायचं.

“अजून अर्धा बाकी आहे” हे महाराष्ट्राच्या पाठीराख्याचं सगळं तत्त्वज्ञान आहे. मुंबईचा पाठीराखा हंगाम संपल्यावर बोलतो. आम्ही मध्यावरच बोलून घेतो, कारण पुढं बोलायला काही उरेल याची खात्री नसते. पूर्वी हा मध्य कुठं आला ते आमचं आम्हालाच ठरवावं लागे. २०२४-२५ पासून क्रिकेट मंडळानं ती सोय करून दिली आहे. पाच साखळी सामने दिवाळीच्या आगंमागं, मग मध्ये वीस आणि पन्नास षटकांची धावपळ, आणि उरलेली रणजी जानेवारीत. म्हणजे मधले दोन महिने रणजीत आमचा संघ हरूच शकत नाही! एवढं सुख आम्हाला नव्वद वर्षांत मिळालं नव्हतं. या दोन महिन्यांत मी कागद-पेन्सिल घेऊन बसतो. निर्णायक विजयाला सहा गुण, अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाची आघाडी घेतली तर तीन, नाही घेतली तर एक. राहिलेले दोन्ही सामने आपण जिंकले, मुंबई एक हरली आणि तिकडं पाऊस पडला, तर... जानेवारीत पाऊस कुठून पडणार, असं घरातून विचारलं जातं. पण आमच्याकडं अवकाळी पडतो की!

आता तुम्ही म्हणाल, साताऱ्याच्या माणसाला यात एवढा विचार कसला? महाराष्ट्रात राहतो, महाराष्ट्राच्या बाजूनं टाळ्या वाजवाव्यात, विषय संपला. तसं नाही. रणजी करंडकात ‘महाराष्ट्र’ म्हणजे महाराष्ट्र नव्हे. त्यातून मुंबई वजा करायची, विदर्भ वजा करायचा, आणि मग जे काही उरेल तो क्रिकेटमधला महाराष्ट्र. भावांनी वाटण्या करून घेतल्यावर थोरल्याकडं घराण्याचं नाव राहावं, एकाकडं दुकान जावं आणि एकाकडं संत्र्यांची बाग जावी, तसा हा प्रकार आहे. नाव आमच्याकडं राहिलं.

या वाटणीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. ‘महाराष्ट्र’ नावाचा संघ रणजी करंडकाच्या पहिल्याच हंगामात, म्हणजे १९३४-३५ मध्ये मैदानात उतरला. महाराष्ट्र नावाचं राज्य झालं १ मे १९६० ला. म्हणजे राज्याच्या आधी पंचवीस वर्षं आमचा संघ हे नाव लावून फिरत होता. पुढं मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा म्हणून केवढं मोठं आंदोलन झालं, माणसांनी प्राण दिले, आणि मुंबई महाराष्ट्रात आली. राजधानी झाली. क्रिकेटमध्ये मात्र ती आजतागायत आलेली नाही. कायद्यानं एक आणि धावफलकावर दोन, असा हा संसार चालू आहे.

वाटण्यांचं आम्हाला वावडं नाही म्हणा. सातारच्या आणि कोल्हापूरच्या गादीनं १७३१ मध्ये वारणेचा तह करून आपापल्या हद्दी ठरवल्या, तेव्हापासून आम्हाला सवय आहे. खुद्द सातारा आणि सांगली हेसुद्धा एकाच घरातले. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा; आणि १९६० मध्ये त्या दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. माझी सासुरवाडी सांगलीची. त्यामुळं मेव्हण्यांनी फार ताणलं, की मी त्यांना “काय, दक्षिण सातारकर?” अशी हाक मारतो. मग ते ठेवणीतलं अस्त्र काढतात.

“दाजी, ते ऱ्हाऊ दे. साताऱ्याचा कसोटी खेळाडू कोण, तेवढं सांगा बघू.”

मी शांतपणे खाशाबा जाधवांचं नाव घेतो.

“आवो, ते कुस्तीतले!”

“मग? हेलसिंकीला १९५२ मध्ये ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं गोळेश्वरच्या माणसानं. तुमच्या कसोटीत मिळतं का पदक?”

इथं मेव्हणे गप्प बसतात, पण ते चहा येईपर्यंतच. कारण त्यांच्या हातात हुकमाचा एक्का असतो. विजय हजारे सांगलीत जन्मले, ११ मार्च १९१५ ला. शाळामास्तरांचा मुलगा. एवढं एक वाक्य सांगलीकराला जन्मभर पुरतं. आणि महाराष्ट्राच्या संघाची गोष्टसुद्धा खऱ्या अर्थानं तिथूनच सांगावी लागते.

त्या काळी महाराष्ट्राचे कप्तान होते प्रा. दि. ब. देवधर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे. संस्कृतचा प्राध्यापक क्रिकेटचा कप्तान, हे पुण्यातच होऊ जाणे. त्यांच्या हाताखाली आमच्या संघानं १९३९-४० मध्ये रणजी करंडक जिंकला आणि १९४०-४१ मध्ये पुन्हा जिंकला. पहिल्या वर्षी सांगलीच्या हजाऱ्यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ काढल्या. भारतीय फलंदाजाचं ते पहिलं त्रिशतक. दुसऱ्या वर्षी पुण्यात मुंबईशी गाठ पडली, तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या देवधरांनी स्वतः २४६ काढल्या. महाराष्ट्राच्या झाल्या ६७५. मुंबईनं उत्तर दिलं ६५०. पंचवीस धावांनी पहिल्या डावाची आघाडी, आणि मुंबई बाहेर! वाचताना आजही माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं.

पुढच्या ओळीशी ते उतरतं. कारण महाराष्ट्रानं रणजी करंडक त्यानंतर जिंकलेला नाही. एकूण दोन. आणि मुंबई? २०२३-२४ चा धरून बेचाळीस. हे आकडे मी मुद्दाम एका ओळीत लिहीत नाही. शेजारीशेजारी बरे दिसत नाहीत.

असं का झालं, याची कारणं शोधण्यात माझ्या पिढीचं तारुण्य गेलं. त्यातलं पहिलं कारण उसाचंच आहे. आमच्या भागात उसाची पळवापळवी म्हणून एक प्रकार असतो. ऊस वाढतो एका कारखान्याच्या हद्दीत, आणि गाळपाला जातो दुसऱ्याच्या गव्हाणीत, कारण तिथं दर बरा मिळतो, काटा चोख असतो, पैसे वेळेवर मिळतात. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. त्याला संसार आहे. क्रिकेटमध्ये नेमकं हेच झालं. त्या काळी खेळून पोट भरत नसे. पोटाला संस्थानची नोकरी लागे. हजारे बडोद्याला गेले, आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्यासाठी त्यांनी २८८ काढल्या. गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागी केली. रस आमच्या मातीतला, साखर बडोद्याची! कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर पुढं इंदूरला होळकरांच्या संघात गेले. पॉली उम्रीगर जन्मले सोलापुरात, गाजले मुंबईकडून. झहीर खान श्रीरामपूरचा, खेळला बडोद्याकडून आणि मुंबईकडून. अजिंक्य रहाणे जन्माला संगमनेर तालुक्यात, लहानाचा मोठा झाला डोंबिवलीत. आणि २०२३-२४ मध्ये मुंबईनं बेचाळिसावा करंडक घेतला तेव्हा कप्तान तोच होता. आमच्या शेतातल्या उसाची अशी यादी करायला बसलं की रात्र पुरत नाही.

दुसरं कारण म्हणजे आमचं मध्यावरचं प्रेम. आमचा संघ हंगामाच्या मध्यावर जे काही करतो, तसं जगात कुणी करत नाही. १९४८-४९ चंच घ्या. डिसेंबरात पुण्याला काठियावाडविरुद्ध सामना होता. निंबाळकर नाबाद ४४३, संघाच्या चार बाद ८२६! ब्रॅडमनच्या ४५२ या जागतिक विक्रमाला फक्त नऊ धावा कमी. मध्यंतर झालं, आणि काठियावाडच्या कप्तानांनी, म्हणजे राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढं खेळायलाच नकार दिला. सामना सोडून पाहुणे निघून गेले. नऊ धावांसाठी माणसाला पुन्हा फलंदाजीला येता येऊ नये! अर्ध्यावर डाव मोडण्याचा इतका चोख नमुना दुसरा नाही. निंबाळकर २०१२ मध्ये वारले. एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही.

त्याच हंगामाचा उत्तरार्ध ऐका. मार्च १९४९, पुन्हा पुणं, उपांत्य सामना, समोर मुंबई. मुंबईच्या पहिल्या डावात ६५१. आमच्या ४०७. मुंबईच्या दुसऱ्या डावात आठ बाद ७१४. म्हणजे आम्हाला शेवटच्या डावात ९५९ करायच्या होत्या. दुसरा एखादा संघ सामानाची बांधाबांध करून स्टेशनवर गेला असता. आमचे पठ्ठे खेळले आणि ६०४ केल्या! सामन्यात एकूण २,३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातला हा विश्वविक्रम. त्यातल्या १,०११ आमच्या. हजारावर धावा काढून आम्ही ३५४ धावांनी हरलो. हरण्यातसुद्धा एवढी मेहनत करणारा संघ तुम्ही दुसरा दाखवा.

तिसरं कारण कुंडलीतलं म्हणावं असं आहे. रणजी सामने तेव्हा विभागवार होत. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. विभागातला एकच संघ पुढं जाणार, म्हणजे आमच्या घरातून बाहेर पडायचं दार एकच, आणि त्या दारात मुंबई पाट मांडून बसलेली. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईनं करंडक लागोपाठ पंधरा वर्षं घेतला. मला समजायला लागल्यापासून मिसरूड फुटेपर्यंत करंडक एकाच गावी होता. त्या काळात माझी समजूत अशी, की रणजी करंडक ही मुंबईतली एखादी इमारत असावी, राजाबाई टॉवरसारखी. ती दुसरीकडं कशी जाणार?

अखेर १९७०-७१ मध्ये नियम बदलला. प्रत्येक विभागातून दोन संघ पुढं जाऊ लागले. आणि लगेच पहिल्याच वर्षी अंतिम सामना ठरला मुंबई विरुद्ध महाराष्ट्र! आमचे कप्तान चंदू बोर्डे. आणि मुंबईची अवस्था काय? वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर, अशोक मांकड, सगळे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजला. आख्खी फलंदाजी बोटीतून नाही तर विमानातून समुद्रापार गेलेली. उरलेल्या पोरांना घेऊन सुधीर नाईक उभे. आमच्या वर्गातल्या पोरांनी पैजा लावल्या होत्या. पुण्याचं वर्तमानपत्र पुण्याच्या एस.टी.नं यायचं, म्हणून स्टँडवर जाऊन थांबलो होतो. अठ्ठेचाळीस धावांनी हरलो. ज्या वर्षी मुंबईची नुसती गडीमाणसं घरी होती, त्या वर्षीही त्यांनी आम्हाला उंबऱ्यावरून परत पाठवलं.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. मुंबईचं बळ पाच-सहा थोर माणसांत नव्हतं. ते मैदानांत होतं. शिवाजी पार्कला आणि आझाद मैदानाला सकाळी सहाला किट खांद्यावर टाकून लोकलच्या गर्दीतून उतरणाऱ्या पोरांत होतं. तिथं १९४८ पासून कांगा लीग म्हणून स्पर्धा चालते, ती भर पावसाळ्यात! ओल्या खेळपट्टीवर, गुडघाभर गवतात. आम्ही पावसाळ्यात भजी खातो; ते पावसाळ्यात फलंदाजी करतात. फरक पडणारच. एखादा वाडेकर गेला तर त्याच्या मागं रांगेत चारजण उभे असतात, आणि पाचवा म्हणतो, “सरका पुढं.” आमच्याकडं जिल्ह्यातला एखादा पोरगा चांगला निघाला, तर त्याला चांगल्या खेळपट्टीवर खेळायला पुण्याची एस.टी. धरावी लागे, आणि तिथंही रांग असेच. कारखाना मोठा असतो तो उसामुळं नव्हे, तर गाळप-क्षमतेमुळं. हे मला तीन एकरांच्या अनुभवानं पटलेलं आहे.

आणि आता चौथी गोष्ट. ती कारण नव्हे, दुखणं आहे. साताऱ्याच्या पाटण-जावळीकडच्या कुठल्याही घरात जा, एक माणूस मुंबईला असतोच. आमच्या घरात तात्या होते, वडिलांचे धाकटे भाऊ. लालबागला गिरणीत कामाला. महिन्याला त्यांची मनिऑर्डर यायची आणि तिच्यावर घरातलं अर्धं चालायचं. माझी शाळेची फीसुद्धा. तात्या गणपतीला यायचे ते मुंबईचा हलवा, आमच्यासाठी रबरी चेंडू आणि गावसकरच्या गोष्टी घेऊन. त्यांच्यासमोर मुंबई हरावी असं मोठ्यानं म्हणायची कुणाची छाती नव्हती. वडील म्हणायचे, “ज्या गावाहून मनिऑर्डर येते, त्या गावाला हर म्हणू नये.” त्यामुळं महाराष्ट्राचं माझं प्रेम मी बरीच वर्षं चोरून केलं.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो कसा संपला, किंबहुना कसा संपलाच नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. वर्षभरानं तात्या गावी परत आले ते एक ट्रंक आणि एक ट्रान्झिस्टर घेऊन. मनिऑर्डर थांबली. मला वाटलं, आता तरी हा माणूस मुंबईचं नाव टाकील. छे! मुंबईनं त्यांना ठेवलं नाही, पण त्यांनी मुंबईला सोडलं नाही. १९९०-९१ च्या अंतिम सामन्यात मुंबई वानखेडेवर हरयाणाकडून अवघ्या दोन धावांनी हरली आणि नाबाद शतक काढलेला वेंगसरकर मैदानात रडला. त्या रात्री तात्या जेवले नाहीत. मी आतल्या खोलीत आनंद साजरा करायच्या बेतात होतो. ताटावरून उठलेला म्हातारा बघितला आणि बेत रद्द केला. ते काय हरले होते, ते दोन धावांत मोजण्यासारखं नव्हतं.

आमचं म्हणाल तर आम्हाला दोनदा पुन्हा अंतिम फेरी दिसली. १९९२-९३ मध्ये लुधियानात पंजाबनं हरवलं. आणि २०१३-१४ मध्ये जे झालं, त्यावर मी उरलेलं आयुष्य काढणार आहे. त्या वर्षी आम्ही ‘क’ गटात होतो, म्हणजे मागच्या बाकावर. हंगामाच्या मध्यावर कुणी आमच्याकडं बघतसुद्धा नव्हतं. पण तो गट मारून आम्ही उपांत्यपूर्व फेरीत आलो, आणि समोर मुंबई, तीही वानखेडेवर. त्यांच्या ४०२, आमच्या २८०. मी सवयीनं टीव्ही बंद केला. दुसऱ्या डावात मुंबई सगळी बाद १२९! टीव्ही लावला. २५२ हव्या होत्या. केदार जाधव नाबाद १२०, विजय झोल नाबाद ९१, आणि आठ गडी राखून आम्ही मुंबईला मुंबईत हरवलं!

तात्या तेव्हा ऐंशीच्या पुढं होते. कानानं कमी. मी जोरात ओरडून सांगितलं, “तात्या, मुंबई हरली!”

“कुणाकडनं?”

“आपल्याकडनं! महाराष्ट्राकडनं!”

ते थोडा वेळ सुपारी चघळत राहिले. मग म्हणाले, “मग हरली कुठं? घरातच हाय की समदं.”

बत्तीस वर्षं मी ज्या वाटणीची कटकट करत होतो, ती त्या माणसानं एका वाक्यात मोडीत काढली. अंतिम सामन्यात पुढं हैदराबादला कर्नाटकानं आम्हाला सात गडी राखून हरवलं, तेव्हा हळहळ वाटली, पण पूर्वीइतकी नाही.

त्यानंतरचं सांगायचं तर आमचं मध्यावरचं वैभव अबाधित आहे. २८ नोव्हेंबर २०२२ ला विजय हजारे करंडकात आमच्या ऋतुराज गायकवाडनं उत्तर प्रदेशाविरुद्ध एकाच षटकात सात षटकार मारले. सहा चेंडूंच्या षटकात सात! एक नोबॉल होता. उपांत्य सामन्यात शतक, अंतिम सामन्यातही शतक. आणि करंडक? सौराष्ट्रानं नेला. देवधरांच्या नावाचा करंडक आहे, हजाऱ्यांच्या नावाचा करंडक आहे. नावं आमच्या माणसांची आणि करंडक कुणाचा तरी. २०२४-२५ मध्ये तर मुंबई आणि आम्ही एकाच गटात होतो. ऑक्टोबरात मुंबईत गाठ पडली. आम्ही पहिल्या डावात १२६, आणि मुंबई नऊ गडी राखून विजयी. मी म्हटलं, अजून अर्धा बाकी आहे. बाकीच्या अर्ध्यात जानेवारीत रोहित शर्मा, जयस्वाल, रहाणे, सगळे असलेल्या मुंबईला जम्मू-काश्मीरनं पाच गडी राखून हरवलं. मला पेढे वाटावेसे वाटले, पण श्रीनगरचा पत्ता माहीत नव्हता. फेब्रुवारीत विदर्भानं मुंबईला उपांत्य सामन्यात हरवलं आणि पुढं करंडकही घेतला, तिसऱ्यांदा. धाकटी पाती आमच्या पुढं गेली. संत्री गोड निघाली म्हणायची.

पळवापळवीचा काटाही थोडा उलटा फिरू लागला आहे. २०२५ मध्ये पृथ्वी शॉ मुंबई सोडून आमच्याकडं आला. हंगामाच्या आधी गहुंज्याला मुंबईविरुद्ध सराव सामना झाला, त्यात त्यानं १८१ काढल्या. आमच्या गल्लीत करंडक जिंकल्याचं वातावरण. मग खरा हंगाम सुरू झाला. केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्य. पुढच्या सामन्यात चंडीगडविरुद्ध २२२. वा! पठ्ठ्यानं आमची रीत किती लवकर उचलली!

आणि मेव्हण्यांचा एक्का आता एकटा राहिलेला नाही. स्मृती मानधना जन्मली मुंबईत, पण दोन वर्षांची असताना सांगलीला आली, तिथंच वाढली, तिथंच शिकली, आणि महाराष्ट्राकडून खेळली. मुंबईहून सांगलीला! नव्वद वर्षांत गाडी प्रथमच उलट्या दिशेनं धावली. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक घेतला, तेव्हा तिच्या ४५ धावा अंतिम सामन्यात होत्या आणि स्पर्धेत एकूण ४३४. चांगली खेळपट्टी, चांगला शिकवणारा आणि घरच्यांचा पाठिंबा गावातच मिळाला, तर ऊस दुसऱ्याच्या गव्हाणीत जायची गरज पडत नाही, हे तिनं आम्हाला दाखवून दिलं. मेव्हणे त्या रात्री फोनवर बराच वेळ नुसते हसत होते. सामना झाला कुठं, हे मात्र मी त्यांना मुद्दाम विचारलं नाही. नवी मुंबईत झाला होता.

सांगायचा मुद्दा एवढाच, की अर्धा हंगाम ही काही वाईट जागा नाही. शेतकरी आयुष्यभर तिथंच उभा असतो; पहिली उचल हातात पडलेली, पुढचा हप्ता यायचा असतो, आणि तोडणीवाले अजून आपल्या फडात आलेले नसतात. ज्याचा हंगाम बेचाळीसदा गोड झाला, त्याला ही चव कळायची नाही. साताऱ्यातून मुंबईला गेलेल्या माणसाच्या घरात आम्ही वाढलो, त्यामुळं मुंबई जिंकली तर घरचं माणूस जिंकल्याचं अर्धं समाधान आणि महाराष्ट्र जिंकला तर उरलेलं अर्धं. दोन अर्धे मिळून एक होतो, हे गणित आम्हाला येतं. पण खरं सांगू? कागद-पेन्सिल घेऊन बसलो, की मी अजूनही मुंबईच्या नावापुढं एक पराभव धरतो. राहिलेले सामने दोन आहेत, गुण बारा मिळू शकतात, आणि पाऊस काय, अवकाळी केव्हाही येऊ शकतो.